हळद कोणाच्या खर्चाची

बोनकोडे, २२ जानेवारी

उन्नतीबाय,

आशीर्वाद आधी घे, भांडण मागाहून करू. तुला फोन लावला की एकदाच वाजतो आणि कोणीतरी बाई इंग्रजीत बोलते. आपली वरच्या खोलीतली भाडेकरीण जयमाला म्हणाली, आत्या, तिनं तुमचा नंबर बंद केलाय. म्हणून हे पत्र. टपालवाल्याला बंद करायचं बटण अजून कोणी काढलेलं नाही. मी अक्षरं शिकले ती सुक्या बोंबलाच्या पुड्यांचे कागद लावून लावून, तेव्हा कुठं काना-वेलांटी चुकली तर पुडीला दोष दे.

तुझ्या सासरी मोऱ्याच्या धक्क्यावर वारा फार असतो, कान झाकून जात जा. लग्न होऊन चार दिवस झाले नाहीत तोवर सासरी आजारी पडू नये, लोक माहेरच्या खाण्याला नावं ठेवतात. तुझा बाप बरा आहे. जेवतो, कामाला जातो. माझ्याशी बोलत नाही, ते सोड. एका भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन चुली आहेत आमच्या, त्याचा खोकला मला ऐकू येतो. खोकल्यावरून सांगते, बरा आहे.

पाठवणीच्या वेळी तू माझ्या पाया पडली नाहीस. तुझी आई गेल्यापासून तुझी वेणी मी घातली आणि तू मला वळसा घालून गाडीत बसलीस. आत्यानं माझ्या हळदीत सरकार घातलं, असं तुझं म्हणणं. घातलं. नाकारत नाही. पण का घातलं ते ऐक.

तुझ्या हळदीची तारीख भटजीनं काढली नव्हती. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या विश्वजितशेठनं काढली होती. लग्न माघात ठरलं होतं, ते ओढून पौषात आणलं. पौषात कोणी हळद लावतं का? मी ओरडले तर तुझा बाप म्हणाला, आता कोण मानतं. अगं, मानत सगळेच होते, पण माघापर्यंत मतदान होऊन गेलं असतं आणि शेठला जेवणावळ मतदानाआधी हवी होती. "हिरामण, तुझी पोरगी ती माझी पोरगी, मांडव-जेवण माझ्याकडं लागलं," असं तो बोलला. तुला हे कोणी सांगितलं नाही. मला भिंतीनं सांगितलं.

मग तुझी हळद तू पाहिलीस. मांडवाच्या तोंडाशी बॅनर, त्यावर तुझा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि शेठचा दाराएवढा. पानाच्या विड्याबरोबर पक्षाच्या रंगाचा गमछा. पहिली हळद शेठच्या बायकोनं लावली. आणि मी हळदीचं गाणं, धवला, म्हणायला तोंड उघडलं तेव्हा डीजेवर शेठच्या प्रचाराचं गाणं लागलं. या गावात आधी माझ्या आईनं आणि नंतर मी धवला म्हटल्याशिवाय एकाही पोरीला हळद लागलेली नाही. तू पहिली. गाव म्हणतं, म्हातारीचं गाणं बुडालं म्हणून तिनं डूख धरला. तसं काही नाही. कायदा आहे म्हणून मी तक्रार केली.

पेपरात मोठ्या अक्षरांत आलं होतं की उमेदवारानं किती खर्च करायचा त्याला मर्यादा आहे. खुर्ची, चहा, वडापाव, मांडव, सगळ्याचे दर ठरवून दिलेत. जादा खर्च दिसला तर कोणीही नागरिक तक्रार करू शकतो, नाव गुप्त राहील, निवडणुकीचं पथक ताबडतोब येईल. मला वाटलं, नागरिक म्हणजे मीच की. जयमालाच्या मोबाइलवरून तक्रार टाकली आणि पदर खोचून वाट बघत बसले.

ताबडतोब म्हणजे शेवटची पंगत उठताना पथक आलं. साहेबांनी डीजे थांबवायला लावला, माईक हातात घेतला आणि सगळ्या गावकीपुढं विचारलं, "तक्रारदार गोजराबाई कोण आहेत?" नाव गुप्त ठेवलं होतं ना, म्हणून बिचाऱ्याला मी ओळखू येईना.

पुढचं तुला पाठ आहे. कॅमेरा तुझ्या बापापुढं आला. हा सगळा खर्च कोणाचा, असा प्रश्न. समोर तुझे सासू-सासरे, मागं गाव, पाटावर हळदीनं पिवळी झालेली तू. मला वाटलं होतं, पथक शेठला विचारेल. किंवा तुझा बाप खाली मान घालून खरं बोलेल. मी कायदा वाचला आणि माझा भाऊ वाचायचा राहिला. आपल्याकडं कुठला बाप चारचौघांत सांगेल की पोरीच्या हळदीचा मांडव दुसऱ्यानं घातला?

"माजा," तो बोलला. "पोरीच्या हलदीचा खर्च बाप नाय करनार तं कोन करनार?"

टाळ्या पडल्या. पहिली टाळी शेठची. पथकानं बोलणं लिहून घेतलं, खाली तुझ्या बापाची सही घेतली आणि घरचं कार्य आहे म्हणून साहेब लोक जेवायलाही बसले. मटण संपलं होतं, त्यांच्यासाठी पुन्हा चूल पेटवली.

शेठ निवडून आला, हे मोऱ्यापर्यंत पोचलंच असेल. फटाक्यांची माळ आपल्या दारावरून गेली.

नंबर उघड गं.

तुझी आत्या


बोनकोडे, ६ फेब्रुवारी

उन्नतीबाय,

मागच्या पत्रात एक गोष्ट खोटी लिहिली. तुझा बाप बरा नाही. म्हणजे अंगानं बरा आहे, पण त्याच्या पोटापाण्याचा टेम्पो दारात नाही.

मांडव-जेवणवाला ज्योतिबा आला होता. तो आधी शेठकडंच गेला होता, ऑर्डर शेठनं दिलेली. आमच्या ओट्यावर बसून त्यानं सगळं सांगितलं, मी आतून ऐकलं. शेठनं त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाला, "ज्योतिबा, मी आता लोकांचा प्रतिनिधी. त्या हळदीचा एक पैसा जरी मी दिला तरी तो माझ्या निवडणुकीच्या खर्चात धरतील. मर्यादा ओलांडली की पद गेलं. कायदा म्हणजे कायदा. ज्यानं सरकारपुढं 'खर्च माझा' असं म्हणून सही केली, त्याच्याकडं जा."

कळलं का बाय? पेपरात वाचला तेव्हा कायदा मला वाघ वाटला होता. शेठच्या घरात शिरला तर मांजर निघाला. त्याच्या ताटातलं खातो आणि बोचकारतो आपल्याला.

ज्योतिबा वाईट माणूस नाही. त्याच्याही डोक्यावर बकऱ्यावाला, तेलवाला, खुर्च्यावाला बसलेत. त्यानं मोबाइल काढला आणि पथकानं घेतलेलं चित्रण तुझ्या बापापुढं धरलं. सरकारी कॅमेऱ्यातलं ते याच्या मोबाइलात कसं आलं, विचारू नकोस. माझं गुप्त नाव ज्या वाटेनं गेलं त्याच वाटेनं हे आलं असेल. तुझ्या बापाचा आवाज मोबाइलातून आला, माजा, पोरीच्या हलदीचा खर्च बाप नाय करनार तं कोन करनार. ज्योतिबा म्हणाला, "भाऊ, ह्ये तुमीच ना?"

तुझ्या बापानं शेठचं नाव घेतलं नाही. मुदत मागितली नाही. आत गेला, खिळ्यावरची चावी काढली आणि ज्योतिबाच्या हातावर ठेवली. त्या टेम्पोला तो गणपतीत तुझ्या आईची साडी लावायचा, आठवतं?

आता पहाटे चालत मार्केटात जातो आणि दुसऱ्यांच्या टेम्पोत कांद्याच्या गोणी चढवतो. ज्यांना कालपर्यंत हा भाडं सांगायचा ते आता याला हाक मारतात. संध्याकाळी गरम मिठानं खांदा शेकतो. मीठ तडतडलं की मला इकडं वास येतो. मी भिंतीवर हात मारते, तो शेकणं थांबवतो.

तू तरी त्याला फोन करत जा. माझ्याशी नको बोलूस.

आत्या


बोनकोडे, १९ फेब्रुवारी

उन्नतीबाय,

तुझं उत्तर नाही, तरी लिहिते. खाडीला कोणी बोलावत नाही, ती भरतीला येतेच.

निवडणुकीच्या कार्यालयात गेले होते. तिथला साहेब भला माणूस निघाला, आजी आजी करत चहा पाजला. या चहाचा दर काय लावता, असं विचारणार होते, पण तोंड आवरलं. शेठनं दिलेला हिशेब बघायला मिळतो का विचारलं तर म्हणाला, मिळतो की, तुम्ही नागरिक आहात. हा शब्द ऐकला की आता मी पदर घट्ट धरते.

हिशेब बघितला. इतका स्वच्छ की त्यावर भाकरी थापावी. तुझ्या हळदीच्या दिवशी शेठचा खर्च काय, तर कार्यकर्त्यांना चहा. बॅनर? तो वधूपित्यानं आपल्या खर्चानं लावला. गमछे? लग्नातला आहेर. डीजे? वधूपिता. या वधूपित्याएवढा दिलदार माणूस त्या कागदांत दुसरा नाही.

मग एवढ्या कायद्यानं कोणाला तरी पकडलं का, असं विचारलं. पकडलं, म्हणाला. आपल्याच प्रभागातून धनाजी रिक्षावाला अपक्ष उभा होता, हातानं लिहिलेले कागद खांबांना चिकटवत फिरायचा. त्याचा खर्चच झाला नाही म्हणून त्यानं हिशेब दिला नाही. आता त्याला नोटीस. पुढच्या निवडणुकीला त्याला उभं राहता येणार नाही बहुतेक. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी लहानपणापासून वापरते, संन्याशाचा पत्ता मला त्या दिवशी कळला.

मी म्हटलं, साहेब, लिहून घ्या, माझा भाऊ त्या दिवशी खोटं बोलला, खर्च शेठचा होता. त्यानं पेन खाली ठेवलं.

"आजी, मग सरकारी पथकाला खोटी माहिती दिली म्हणून गुन्हा तुमच्या भावावर लागेल."

"आन् शेठवर?"

"शेठ काय बोलले? ते तर कॅमेऱ्यात फक्त टाळ्या वाजवतायत."

निवट्या मासा पकडायला चिखलात हात घातला की निवट्या निसटतो आणि हात काळा होतो. तरी रिकाम्या हातानं कशी परत येऊ? भावाचं नाव न घेता एक अर्ज लिहून दिला, की त्या दिवशीच्या मांडवाची ऑर्डर कोणी दिली एवढं मांडववाल्याला बोलावून विचारा. साहेबानं शिक्का मारून घेतला. म्हणाला, योग्य ती कार्यवाही होईल.

आता वाट बघते. कार्यवाही पौषात होते की माघात, ते बघायचं.

आत्या


बोनकोडे, ३ मार्च

उन्नतीबाय,

जयमालाच्या फोनवर तुझा निरोप आला. तिनं वाचून दाखवला. "आत्याला सांगा पत्रं पाठवू नको. सासूबाई दुपारी शेजारणींना जमवून मोठ्यानं वाचतात. काल भाकरीवाला भाग दोनदा वाचला."

तर आता हे त्यांच्यासाठी. विहीणबाई, वाचताय तर नीट वाचा, काना-वेलांटी सोडू नका. आमच्या पोरीचा बाप हळदीला भिकारी होता, असं तुम्ही शेजारणींना सांगताय, ते सांगा. पण जोडीला हेही सांगा की त्याच मटणाचा डबा तुम्ही गाडीत घालून मोऱ्याला नेला होता. तेव्हा कोणाचा खर्च ते तुम्ही विचारलं नव्हतं. पोरीला टोचू नका. तिनं फक्त हळद लावून घेतली. टोचायचंच असेल तर मला टोचा, माझी कातडी मिठागरातली आहे.

बाय, इकडं सगळं ठीक. अर्जाचं काही कळलं नाही. यापुढं टपालानं पत्र येणार नाही.

आत्या


बोनकोडे, १० मार्च

उन्नतीबाय,

हे पत्र मासळीवाल्या संध्याच्या टोपलीतून येतंय, कोळंबीखालून. वास येईल. वाचून झालं की चुलीत घाल आणि यातलं बापाला काही सांगू नको. आता बस आणि ऐक.

मागच्या पत्रात सगळं ठीक लिहिलं, त्याच दिवशी शेठ येऊन गेला होता. गाडी लांब ठेवून चालत आला, चप्पल बाहेर काढली, माझ्या चुलीपुढं जमिनीवर बसला. मला आत्या म्हणाला. तुझा बाप कामाला गेलेला, ती वेळ बघूनच आला होता. माझ्या हातचा कोरा चहा प्यायला आणि वर आणखी मागितला.

म्हणाला, तुमच्यासारखा जागरूक नागरिक म्हणजे प्रभागाचं भूषण, महिला दिनाला तुमचा सत्कार करायचं ठरलंय. तो अर्ज तेवढा मागं घ्या, उगाच ज्योतिबाला हेलपाटे. मी म्हटलं, ज्योतिबानं माझ्या भावाचा टेम्पो नेलाय. त्यावर तो असा हसला जसं काही मी त्याचं आवडतं गाणं लावलं.

"तेच तर सांगतोय आत्या. सत्काराचा मांडव ज्योतिबालाच देऊ. बिल जरा सैल लावू, त्यात हळद बसून जाईल. सरकारी निधीतनं होतं हे. माझा खर्च नाही, हिरामणचा नाही, तुमचा नाही. बघा, कायद्यात बसलं की नाही?"

म्हणजे तुझ्या हळदीचं मटण शेवटी सगळ्या शहराच्या माथी. धनाजी रिक्षावाल्याच्याही. मी शेठच्या तोंडाकडं बघत राहिले. त्याच्या डोळ्यांत लाज शोधत होते असं नाही, एवढी बावळट मी आता राहिले नाही. मी बघत होते की हा मनुष्य रात्री झोपतो तरी कसा. चेहरा सांगत होता, मस्त झोपतो.

बाहेर ओट्यावर तुझ्या बापाचं मीठ शेकायचं फडकं वाळत होतं, ते मला माझ्या चुलीपासून दिसत होतं. मी म्हटलं, टेम्पो आधी दारात आणा. तो म्हणाला, सत्काराच्या दुसऱ्या दिवशी. मी हो म्हटलं. अर्ज मागं घेतला. साहेब पुन्हा आजी आजी म्हणाला, चहा पुन्हा पाजला. या वेळी काम चुटकीसरशी झालं.

आठ तारखेला मैदानात मांडव, त्याच खुर्च्या, तोच डीजे. बॅनरवर माझा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा. शेठनं मला शाल घातली, नारळ दिला, माईक घेतला. म्हणाला, "आत्यांनी तक्रार केली, पथक आलं, तपासून गेलं, म्हणून तर आपला हिशेब किती स्वच्छ आहे ते सरकारला कळलं. विरोधक असावा तर असा." लोक हसले. मायेनं हसले गं, तेच वाईट. मग त्यानं डीजेवाल्याला हात करून गाणं बंद करवलं आणि माईक माझ्या तोंडाशी धरला. आत्या, एक धवला होऊन जाऊ दे.

मी म्हटला. तुझ्या हळदीला म्हणायचा होता तोच. मागच्या खुर्चीवरच्या बाईलासुद्धा ऐकू गेला म्हणे. आणि खरं सांगू, आवाज छान लागला. त्या दिवशी कोणी डीजे थांबवून मला असा माईक दिला असता तर मी तक्रार केली असती का, हे मला विचारू नकोस. तू विचारलं नाहीस, पण तुला ते आधीपासून माहीत होतं असं आता वाटतं. म्हणूनच तू पाया पडली नाहीस.

शाल अंगावरच होती, परत येताना काढायचं सुचलं नाही. तुझा बाप ओट्यावर बसलेला. गल्लीतल्या बायका माझ्याबरोबर होत्या, एकीनं मोबाइल वर धरलेला. जानेवारीपासून जो माझ्याशी बोलला नव्हता तो उभा राहिला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "शाल कोनाच्या खर्चाची?"

खरं सांगते तर टेम्पो कसा सुटणार ते गल्लीला कळतं आणि तुझ्या बापाची उरलेली मान जाते. शेठची म्हणते तर मी विकली गेले. मोबाइल माझ्या तोंडापुढं. एकाच आईचं दूध प्यायलेलो आम्ही.

"माजी," मी म्हटलं. "मना कोन शाल देनार?"

त्यानं शालीचं टोक बोटांत धरून बघितलं. मग म्हणाला, "मंग मांडव पन तुजाच आसल." आणि आत जाऊन दार लावलं.

त्याला कळलंय की तो नुसता टोचून बोलला, ते मला भिंतीलाही विचारून कळलं नाही. त्या रात्री खोकलासुद्धा आला नाही.

काल टेम्पो आला. ज्योतिबानं शब्द पाळला. चावी ओट्यावर ठेवून गेला. ती अजून तिथंच आहे. आज पहाटे तुझा बाप दार उघडून बाहेर आला, चावीकडं बघितलं, गोणी उचलायचा आकडा खांद्याला अडकवला आणि टेम्पोला वळसा घालून चालत मार्केटाला गेला. पाठवणीच्या दिवशी तू मला घातलास तसाच वळसा.

बाय, माझं एवढं कर. त्याला फोन लाव आणि सांग, बाबा, चावी उचला, मोऱ्याला भेटायला टेम्पोनं या. तुझं ऐकेल. माझं नाव घेऊ नको. माझा नंबर बंदच राहू दे.

टेम्पोच्या एका अंगाला ज्योतिबानं बांधलेला सत्काराचा बॅनर अजून तसाच आहे. मी, शेठ आणि खाली लिहिलंय, जागरूक नागरिक. त्या बॅनरसकट तो टेम्पो कसा चालवेल, मलाही कळतं. आज कोयती घेऊन गेले होते, दोऱ्या कापायला. मग हात थांबला. त्यावर शेठचा फोटो आहे. फाडला तर कोणीतरी तक्रार करेल, आणि या खेपेला पथक वेळेवर येईल.

तुझी आत्या